गॅरेजवाल्याला अजून पैसे देऊ नकोस

सातारा, रविवार

चि. सोन्या,

अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा फोन झाल्यापासून डोक्यात तेच चाललंय. भर पावसात दांडेकर पुलापासून रूमपर्यंत आपली जुनी स्कूटर ढकलत नेलीस, आणि वर तो गॅरेजवाला म्हणतो बॅटरी, कार्बोरेटर, सेल्फची मोटर सगळं बदलायला लागेल. थांब जरा. त्या गाडीवरून मी अकरा वर्षं मेढ्याच्या रस्त्याने शाळेत गेले आहे. तिकडचा पाऊस तुला माहीत आहे. तिचा प्रत्येक आवाज मला ओळखू येतो.

तू सांगितलंस ते मी नीट जुळवून बघितलं. साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी आधी मिस मारायला लागली, मग बंद पडली. तू सेल्फ दाबत राहिलास. पाच-दहा मिनिटांनी सेल्फचा नुसता 'टिक टिक' आवाज यायला लागला आणि पेट्रोलचा वास आला. बाळा, यात मोठा बिघाड कुठेच दिसत नाही. प्लगच्या टोपणात पाणी गेलं, म्हणून ठिणगी पडेना. ठिणगी नाही आणि सेल्फ चालू, म्हणजे आत पेट्रोल येत राहिलं आणि प्लग भिजला. आणि एवढा वेळ सेल्फ मारल्यावर ती इवलीशी बॅटरी उतरणारच. मूळ दुखणं एकच, त्याची लक्षणं तीन. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांच्या वर दाबायचा नाही, मध्ये थोडं थांबायचं, हे मी गाडी देताना सांगायला हवं होतं.

आता गाडी कोरड्या जागी डबल स्टँडवर लाव. इंजिन पूर्ण गार असू दे. सीटच्या पुढच्या भागाखाली, पाय ठेवायच्या जागेला लागून एक छोटं झाकण आहे, ते काढलं की प्लगचं काळं टोपण दिसेल. वायरीला न ओढता टोपण धरून काढ आणि आतून-बाहेरून कोरडं पुस. मग प्लगपान्ह्याने प्लग सोडव आणि त्याचं टोक उजेडात धरून बघ. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा रंग असेल तर इंजिनाची तब्येत चांगली. कोरडी काळी काजळी असेल तर चोक, म्हणजे गार इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी ती दांडी, ओढलेला राहिलाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर मी म्हणते तेच झालंय. जुन्या टूथब्रशने घासून, फडक्याने पुसून अर्धा तास वाळू दे. टोकाजवळची फट 0.8 ते 0.9 मिलिमीटर असते, ती ठोकून वाकवत बसू नकोस.

प्लग परत बसवताना घाई अजिबात नको. आधी नुसत्या बोटांनी फिरव. चार-पाच फेरे सहज बसले पाहिजेत, पान्हा अगदी शेवटी, तोही बेताने. तिथले आटे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. माझ्याकडून एकदा प्लग तिरका बसला, आटे गेले आणि ते लेथवर नेऊन नवे पाडून घ्यावे लागले. मग चोक बंद ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून चार-सहा किका मार. सुरू झाली की लगेच पीळ सोड. बॅटरी उतरलेली असतानाही ती मी किकवर कित्येकदा सुरू केली आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर पुसून थोडं व्हॅसलीन लाव. बॅटरी दुकानात चार्जिंगला दे, आणि चार्ज करूनही दोन दिवसांत उतरली तरच नवी घे.

एक मात्र कायम लक्षात ठेव. सायलेन्सर बुडेल एवढ्या पाण्यात गाडी बंद पडली तर तिथे सेल्फही नाही आणि किकही नाही. एअर फिल्टरमधून पाणी इंजिनात ओढलं गेलं तर खरंच मोठा खर्च येतो. तेव्हा ढकलत नेलेलीच बरी. आणि पाण्यातून निघाल्यावर इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही असं झालं तर मागचं चाक फिरवणारा आतला पट्टा ओला झालाय. हळू चालव, वाळला की ठीक होतं.

सकाळी गाडी गार असली की चोक ओढायचा आणि अर्ध्या मिनिटात आत ढकलायचा. चाकातली हवा पुढे 22 पीएसआय, मागे 29, आणि मित्राला मागे बसवणार असशील तर मागे 36. पंपावरचा मुलगा अंदाजाने भरतो, तू आकडा सांग.

ब्रेकच्या बाबतीत मी तुला सूट देणार नाही. मागच्या चाकापाशी नट आहे, तो पिळून ब्रेक घट्ट करता येतो, तेवढं कर आणि चाक हाताने मोकळं फिरतंय ना ते बघ. पण ब्रेक दाबल्यावर तिथला छोटा बाण ड्रमवरच्या खुणेपर्यंत पोचला, तर ब्रेकचे लायनर झिजून संपले. त्याच दिवशी बदलून घे, पैसे मी पाठवते. पावसात येताना तुझा ब्रेक लागला नाही, हा विचारसुद्धा मला सहन होत नाही.

प्लगपान्हा, एक नवा प्लग आणि तुझ्या बाबांचं जुनं सुती बनियन असं पार्सल उद्या सकाळच्या एसटीने स्वारगेटला पाठवते आहे. ते मिळालं की गाडीपाशी उभा राहून मला फोन कर. किक मारताना फोन इंजिनाजवळ धर, मला आवाज ऐकू दे. मग गॅरेजवाल्याला काय सांगायचं ते ठरवू.

जेवण वेळेवर कर. रेनकोटची पॅन्टही घालत जा.

तुझी,
आई