येथील कुशल जाणोन

॥ श्री ॥

खामगाव, सोमवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

माळ्यावरच्या तिन्ही पेट्या खाली उतरवून घेतल्या. तू पाडव्याला सांगून गेलास तसं रद्दीवाल्यालाही बोलावलं होतं. तो काटा घेऊन आला, पण पहिलं झाकण उघडलं आणि मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. या पत्रात फक्त पेट्यांबद्दल लिहायचं असं ठरवून बसले आहे. "आई, तो विषय आता पुरे" असं तू म्हणालास ना, मग पुरे.

एका पेटीत मुंबईच्या अडत्याची, म्हणजे आपला माल विकणाऱ्या दलालाची, पत्रं आणि तारा आहेत, दोऱ्यात ओवलेल्या. दुसरीत रेल्वेच्या पावत्या, हुंड्या, जिनिंग-प्रेसिंगची बिलं. तिसरीत तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नकल-वह्या. तू त्या कधी पाहिल्या नाहीस. पतंगाच्या कागदाइतकी पातळ पानं. जांभळ्या शाईचं पत्र लिहून झालं की वहीचं पान ओलसर करून त्यावर ठेवायचं, वही लोखंडी प्रेसमध्ये सारायची आणि वरचं चाक फिरवायचं. पत्र टपालात जायचं आणि त्याचा ठसा वहीत राहायचा. ठसा उलटा उमटतो, पण पान इतकं पातळ की मागून सरळ वाचता येतं. चाक फिरवायला दिवाणजी मला हाक मारत. माझी बोटं दोन-दोन दिवस जांभळी असायची, त्यावरून शाळेत बाईंनी एकदा उभं केलं होतं.

खंडी म्हणजे ७८४ पौंड, गाठ ३९२ पौंडांची, दोन गाठी मिळून खंडी, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. १९५७ मध्ये नवे पैसे आले तेव्हा दिवाणजींनी एका पुठ्ठ्यावर आणे आणि नवे पैसे शेजारी-शेजारी लिहून गादीजवळ टांगले होते. तो पुठ्ठाही पेटीत सापडला. मुंबईत आपल्या वऱ्हाडी कापसाला 'उमरा' म्हणायचे, उमरावतीवरून. अमरावतीचं ते जुनं नाव. आपल्या गाठी इथून जलंबपर्यंतच्या रेल्वेच्या फाट्याने आणि पुढे भुसावळवरून थेट शिवडीला कॉटन ग्रीनला जात. तू मुंबईत शिकत होतास तेव्हा हार्बरच्या गाडीतून ते स्टेशन रोज बघायचास, आणि मी तुला कधी सांगितलं नाही की आपला कापूस इथेच उतरायचा. खूप गोष्टी सांगायच्या राहून गेल्या.

आता नकल-वहीचं सांगते. दर सोमवारी तात्या पंढरपूरला घरातल्या वडीलधाऱ्या आबांना पत्र लिहीत, मोडीत. दिवाणजींनी मोडी शिकवली त्याचा उपयोग मला इतक्या वर्षांनी झाला. प्रत्येक पत्राची सुरुवात एकच: "येथील कुशल जाणोन स्वकीय लिहीत जाणे." मग भाव, आवक किती गाड्या, प्रेसमध्ये किती गाठी बांधल्या, कोणती हुंडी सकारली म्हणजे पटवली, कवडी म्हणजे किडका कापूस किती निघाला आणि सगळ्यात शेवटी घरातलं दोन ओळी.

फाळणीत लांब धाग्याचा कापूस पिकवणारा सिंध आणि पश्चिम पंजाब पलीकडे गेले आणि गिरण्या बहुतेक इकडे राहिल्या. त्यात १९५० च्या जूनमध्ये कोरियात युद्ध सुरू झालं. भाव आता खाली येणार नाही असं सगळ्यांनाच वाटत होतं. तात्यांनी त्या दिवाळीनंतरच्या हंगामात बँकेकडून कर्ज काढून माल भरला आणि गाठी धरून ठेवल्या. बँकेने गोदामाला आपलं कुलूप लावलं. आमच्या गोदामाला दोन कुलुपं होती, एक पितळी आपलं आणि एक काळं बँकेचं. मला वाटायचं सगळ्याच गोदामांना दोन असतात.

१९५२ च्या मार्चमध्ये बाजार कोसळला. नुसता कापूस नाही, शेंगदाणा, सोनं, सगळंच. अडत्याच्या तारा मी मोजल्या, एका आठवड्यात अकरा. आणि बाळा, त्याच आठवड्याची नकल माझ्यासमोर आहे. "येथील कुशल जाणोन" आहे, पाऊस झाला आहे, म्हैस व्याली आहे, आबांनी काढा घ्यावा असं आहे. भाव नाही. पुढच्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पाच पत्रं भावाशिवाय. वर्षानुवर्षं ज्या माणसाने भावाशिवाय पत्र टाकलं नाही, त्याने काढ्यावर अर्धं पान लिहिलं आहे.

तू पूर्वी फोन केलास की ऑफिसातल्या डब्यापासून सगळं सांगायचास. तो साहेब काय म्हणाला, गाडीचा हप्ता कधी संपतो. गेले चार महिने तू फक्त माझी विचारपूस करतोस. गोळ्या घेतल्या का, गुडघा कसा आहे, सगळं ठीक आहे, ठेवतो. पाडव्याला आलास तेव्हा दोन्ही दिवस सव्वानऊला फोन घेऊन गच्चीवर गेलास आणि गुढीला नैवेद्य दाखवताना खाली आला नाहीस. सूनबाई म्हणाली, ऑफिसचं काम असेल. पाडव्याला कसलं रे ऑफिस?

लिहायचं नाही म्हणत होते, लिहिलंच.

तू जे करतोस त्यातलं मला कळत नाही असं तू म्हणतोस. नावं कळत नाहीत, खरं आहे. पण तात्यांच्या काळी बाजारात तेजी लावायचे, मंदी लावायचे. थोडे पैसे देऊन ठरल्या दिवशी ठरल्या भावाने घेण्याचा किंवा देण्याचा हक्क घ्यायचा. हेच ना तुझं? कापसातली तेजी-मंदी मुंबई प्रांतात १९३९ मध्ये कायद्याने बंद केली, आणि १९५२ च्या डिसेंबरात दिल्लीच्या कायद्याने साऱ्या देशात सगळ्याच मालातली. घरं बुडाली म्हणूनच केली असणार ना? आता तीच कायदेशीर आहे, फोनवर आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत अशा सौद्यांत उतरलेल्या साध्या माणसांपैकी शंभरात ९३ तोट्यात गेले. मी ते कात्रण तुला पाठवलं तर तू चिडलास. तू हुशार आहेस, बोर्डात आलेला मुलगा आहेस, पण त्या ९३ मधलेही कोणी अडाणी नसतील. आकड्यात हुशार असणाऱ्यालाच वाटतं की उद्या आपण भरून काढू. एकदा गेले ते सोडायचे असतात, त्यांच्यामागे आणखी पैसे...

राहू दे. मास्तरीण झाले. अडतीस वर्षं फळ्यासमोर काढली, ती सवय तुझ्यावर काढते. रागावू नकोस.

तात्यांचं पुढे सांगते. आबांना भाव नसलेल्या पत्रांवरूनच कळलं. ते न कळवता आले, सकाळच्या गाडीने, हातात फक्त पडशी. ओसरीवर बसले आणि म्हणाले, "भाव सांग." एवढंच. तात्यांनी आकडा सांगितला. मग पश्चिमेकडचा वाडा गेला, आईच्या पाटल्या आणि गोठ गेले, पण अडत्याची पै न पै दिली. १९५५ चं त्याचं पत्र आहे, "आपले खाते चुकते झाले." ते पत्र तात्यांनी नकल-वहीत नाही, देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं होतं. पेढी त्यानंतर १९७२ पर्यंत चालली. मग सरकारची एकाधिकार खरेदी आली आणि खाजगी व्यापाऱ्याने कापूस घ्यायचाच नाही असं झालं. त्या दिवशी तात्या काही बोलले नाहीत, नकलेच्या प्रेसला तेल घातलं आणि झाकून ठेवला. त्यांची मला मान ताठ आठवते, शेवटपर्यंत.

एक मात्र नकल-वहीत नाही. आईने मला माझ्या लग्नानंतर सांगितलं. आबा येण्याच्या आदल्या रात्री तात्या अंथरुणातून उठून परसातल्या विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसले होते. आई मागोमाग गेली आणि शेजारी बसली. पहाटेपर्यंत दोघं एक शब्द बोलली नाहीत. ती फक्त त्यांच्या उपरण्याचं टोक मुठीत धरून होती.

हे तुला लिहावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. तुझी झोप कशी आहे रे? रात्री किती वाजता निजतोस?

मला आकडा सांग. बाकी काही नको. कसा गेला, का गेला, कुणाचं ऐकलंस, काही विचारणार नाही. एका कागदावर लिही, कर्ज कुणाकुणाचं तेही लिही. पोस्टातले माझे पैसे पुढच्या महिन्यात मोकळे होतात, आणि मागचा प्लॉट काही मी डोक्यावर घेऊन जाणार नाही. सूनबाईला मात्र तू सांगायचंस. एकट्याने जमत नसेल तर दोघं इकडे या, माझ्यासमोर सांग.

नकलेचा प्रेस ताईला हवा आहे. नकल-वह्या मी ठेवून घेते. अडत्याच्या पत्रांचं काय करायचं ते तू आल्यावर ठरवू. शनिवारी ये. शेगावला गाडी अवेळी पोचली तरी घरी फोन कर, रिक्षावाला ओळखीचा आहे, त्याला पाठवते. मी जागीच असते.

तुझी,
आई