आंबोळगड वस्ती

पुणे,
9 डिसेंबर

प्रिय पक्या,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. आप्पांच्या तिथीला फोनसुद्धा केला नाही, आणि ते मला फार लागून राहिलंय. रागाव, पण पत्र पूर्ण वाच. फोनवर हे सांगता येणार नाही, कारण आमच्या घरात भिंतीलाही अण्णांचे कान आहेत.

तब्येती ठीक. माझी साखर गोळीवर आहे, आईचे गुडघे होते तसेच. आता मुद्द्याचं.

जानेवारीत आम्ही सगळे गाड्या काढून कोकणात निघालोय. संक्रांत झाल्यावर आणि 26 जानेवारीच्या सुट्टीआधी, मंगळवारी निघून शनिवारी परत. मी, सुमेधा, मुक्ता, अण्णा-आई, शिवाय अविनाश, रूपाली आणि त्यांचा ओजस. अविला गणपतीपुळे नाहीतर तारकर्ली हवं होतं. ओजसला पोहायला तलाव पाहिजे म्हणे. समोर अख्खा समुद्र असताना! मी ठाम नाही म्हटलं. दोन वर्षांपूर्वी नाताळात तारकर्लीला गेलो होतो. गाडी लावायला पाऊण तास, जेवायला दीड तास, आणि रात्री शेजारच्या अंगणात स्पीकर. आई म्हणाली, “यापेक्षा लक्ष्मी रोडला बसलो असतो.” तेव्हापासून माझ्या मनात आहे की जिथे कोणी जात नाही तिथे जायचं. निवांत बसायचं, भरती-ओहोटी बघायची, संध्याकाळी लवकर जेवायचं.

तर गेल्या गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर मी टेबलावर नकाशा पसरला. कराड, मलकापूर, आंबा घाट, पाली, रत्नागिरी. तिथे न थांबता भाट्याच्या पुलावरून पावस. पहिला मुक्काम गावखडीला. पूर्णगडचा किल्ला चिमुकला आहे, अर्ध्या तासात फिरून होतो. मुचकुंदी समुद्राला मिळते ती तटावरून दिसते, आणि पूल ओलांडला की गावखडीचं सुरूचं बन. दुसऱ्या दिवशी कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली. मुक्ताला कशेळीच्या सड्यावरचा तो कातळात कोरलेला हत्ती बघायचाय, पोटात बाकीचे प्राणी असलेला. आपण त्याच सड्यांवर करवंदं खात हिंडलो आणि पायाखाली काय आहे ते कळलं नाही. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हा मुक्ता मला म्हणाली, “बाबा, तुम्ही लहानपणी तिथे करत काय होतात?”

हे सगळं मी सांगत होतो आणि अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. मध्येच उठले, चष्मा लावला, टेबलाशी आले आणि नकाशावर बोट न ठेवता म्हणाले, “आंबोळगड धरा. दोन रात्री वस्ती आंबोळगडला.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि नाटे सोडल्यावर गाडी माझ्याकडे द्यायची.”

कोणी काही बोललं नाही. मुक्ता पटकन म्हणाली, “देऊ ना आजोबा.” तिला काय माहीत!

पक्या, अण्णांना काचबिंदू आहे. मार्चमध्ये कळलं. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. यात समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, कडेचं जातं, आणि गेलेलं परत येत नाही. त्यांच्या डाव्या बाजूचं बरंच गेलंय. ती बटणाची तपासणी असते बघ, हनुवटी टेकवून बसायचं आणि पांढऱ्या घुमटात कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभा होतो. उजवीकडे ठिपका आला की अण्णा टक् करून दाबत होते, हॉर्न दाबावा तसे, ठसक्यात. डावीकडे ठिपका चमकायचा, विझायचा, पुन्हा चमकायचा, आणि त्यांचा अंगठा तसाच बटणावर वाट बघत. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अण्णा, डावीकडे! कागदावर छापून आलं तेव्हा डावी बाजू काळी होती. डॉक्टरांनी तिथेच सांगितलं, यापुढे गाडी चालवायची नाही.

ते मानत नाहीत. “पेपर वाचतो मी. बारीक अक्षरातल्या जाहिराती वाचतो. मग डोळ्याला झालंय काय?” आणि वाचतात हे खरंच आहे, म्हणून समजावणं जास्त अवघड. पण चहाचा कप डावीकडे ठेवला तर तो हाताने लवंडतो. ऑगस्टमध्ये सोसायटीच्या फाटकाशी एक पोरगा सायकलवरून डावीकडून आला, तो यांना धडकेपर्यंत दिसलाच नाही. नशीब, दोघांनाही खरचटण्यावर भागलं. घरी येऊन अण्णा मुकाट्याने आत गेले. सायकलवाल्याला एक शब्द बोलले नाहीत, यावरून मी समजलो की त्यांना स्वतःला माहीत आहे.

आणि आता त्या गुरुवारपासून माणूस बदललाय. पहाटे उठून बुटांना पॉलिश करतात. जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे त्यांनी राजापूर ते आंबोळगड रस्ता काढलाय. प्रत्येक थांबा, प्रत्येक वळण, कुठे चढाला दुसरा गियर, कुठे पावसात पाणी भरायचं, कुठल्या फणसाखाली दुधाची किटली ठेवलेली असायची. काल रात्री पाणी प्यायला उठलो तर हॉलमध्ये अंधारात खुर्चीत बसलेले. दोन्ही हात मांडीवर, डोळे मिटलेले, आणि पाय चालू होते. डावा पाय दाबला, सोडला. उजवा अलगद उचलला. उतार आला असणार. मी दारातच उभा राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी पाय टेकवले आणि हात लांब करून काहीतरी बंद केलं. आंबोळगडला पोचले होते, पक्या.

तुझ्याशिवाय हे कोणाला कळणार? सुमेधाला मी सांगितलं, तिला वाईट वाटलं. पण वस्तीच्या गाडीची पोरं आपण दोघंच. आपले बाप, माझे अण्णा ड्रायव्हर आणि तुझे आप्पा कंडक्टर, एक रात्र आड घरी नसायचे. रात्री तिथे पोचायचं, गाडी वळवून तोंड राजापूरकडे करून ठेवायचं, कोणाच्या तरी ओटीवर नाहीतर गाडीतच सीटवर झोपायचं, पैशांची बॅग आप्पांच्या उशाखाली, आणि पहाटे अंधारात गरम पाण्याची बादली कोणी तरी न सांगता आणून ठेवलेली. येताना अण्णा बांगडे आणायचे आणि आप्पा गोष्टी. त्या शेळीवाल्या म्हातारीची आठवते? “मास्तर, शेळीचं अर्धं तिकीट द्या, तिला बारा पुरी नाय झाली.” आप्पा ती गोष्ट सांगताना दर वेळी शेळीचं वय कमी करत. शेवटी शेवटी ती मांडीवर बसून फुकट जात होती.

मे महिन्यात आपल्याला नेलं होतं, त्या फेरीचं मी विसरलेलो नाही. हेडलाइटच्या काचेला लागलेला दगड तुझाच होता. आप्पांनी पगारातून पैसे भरले, आणि तू आजतागायत कबूल केलं नाहीस. पुढच्या आठवड्यात मात्र माझी सिगारेट अण्णांना सांगायला जवाहर चौकातून पळत पळत गेलास! असो. चाळीस वर्षं झाली. पण दगड तुझाच होता.

आता मी काय करू ते सांग. पाच रात्री मी हेच उलटंपालटं करतोय. एकदा वाटतं, द्यावी गाडी. नाट्याच्या पुढे दुपारी कोण असतं रस्त्यावर? मी शेजारी बसेन, हात ब्रेकवर ठेवेन. 34 वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला शेवटचे चार मैल नाकारायचे? आणि लगेच डोळ्यांपुढे येतो तो सायकलवाला पोरगा. आंबोळगडातही सायकलवाली पोरं असतील, डावीकडूनच येतील. दुसऱ्यांच्या गावात निवांतपणा शोधायला जायचं आणि त्यांचंच पोर धोक्यात घालायचं? लायसन्सची मुदतही संपलीय. मग अवि म्हणतो, “सड्यावर मोकळं रान बघू, तिथे दोन गोल चक्कर मारू देत, हौस फिटेल.” मला ते मुळीच पटलं नाही. त्यांना गाडी चालवायची हौस नाहीये. त्यांना आंबोळगडला गाडी पोचवायची आहे. मोकळ्या रानात गोल फिरवलं तर फसवलंय हे त्यांना पहिल्या चकरेत कळेल.

आणि एक गोष्ट माझ्या हातात आली. बूट काढताना त्यांनी ट्रंक उघडी ठेवली होती, त्यात वर तो विनाअपघात सेवेचा बिल्ला. 25 वर्षं झाली तेव्हाचा. तुमच्या घरी पेढे वाटले होते आपण. तो हातात घेतला आणि लिहिता लिहिता आता ठरतंय माझं. चावी द्यायची नाही. आणि हे मी इथेच, निघण्याआधी सांगायचं. नाट्याच्या फाट्यावर सगळ्यांदेखत नाही.

रविवारी सांगणार आहे. ऐकून ते गप्प होतील. मग म्हणतील, “तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळतो.” तिथून पुढे माझं काही चालणार नाही, कारण अण्णांनी उभ्या आयुष्यात एकाच माणसाचं ऐकलं. आप्पांनी दोरी ओढली, एक घंटा झाली, की अण्णा थांबायचे. का, म्हणून कधी विचारलं नाही. समोर रस्ता रिकामा दिसत असला तरी. मागचं आणि दाराचं आप्पांना दिसतं, मला दिसत नाही, असं ते मला स्वतः म्हणायचे. हे वाक्य रविवारी त्यांना आठवून द्यावं, असं मनात आहे. माझ्या तोंडून ते चालेल का, हे मात्र सांगवत नाही. तुझ्या तोंडून चालेल.

म्हणून तू ये. बडोद्याहून रत्नागिरीला थेट रेल्वे आहे, मंगळवारी रात्री नाहीतर बुधवारी पहाटे उतर, आम्ही गावखडीहून तुला घ्यायला येतो. आणि रविवारी रात्री नऊनंतर अण्णांना फोन कर. मी पत्र लिहिलं हे सांगू नकोस. म्हण की मला आप्पांची वस्ती बघायची आहे, त्यांच्या रात्री कुठे गेल्या ते मला माहीत नाही, ते दाखवणारे तुम्ही एकटेच उरलात. हे खोटं नाही ना? मग नाट्यापासून मी स्टिअरिंग धरेन, अण्णा शेजारी बसून वळणं सांगतील, आणि मागच्या सीटवर तू. घंटा द्यायचं काम तुझं.

रजा मिळते का ते बघ. मिळव. मेधाची बदली रद्द झाली का? आणि सौरभचं लग्न ठरतंय असं उडत उडत आलंय. मला तुझ्याकडून कळायला हवं होतं, पण तोंड उघडायला मला जागा कुठे आहे? वहिनींना सांग, त्यांनी शिकवलेली खांडवी सुमेधाला अजून जमत नाही. तू मात्र आमटीत साखर घालून खायला लागलायस असं ऐकलं. आंबोळगडला हे कोणाला कळू देऊ नकोस, जेवायला वाढणार नाहीत.

राहायची सोय झालीय. नेटवर काही मिळालं नाही, ओळखीतून ओळख काढत एका घरी पोचलो. खोल्या तीन, अंगण शेणाने सारवलेलं, समुद्र चालत पाच मिनिटांवर. मी पहिला प्रश्न विचारला, कमोड आहे का? आईच्या गुडघ्यांमुळे सगळी निवांत ठिकाणं तिथेच अडतात. आहे, असं त्या घरच्या बाई फोनवर म्हणाल्या, मागच्याच वर्षी बसवला, त्यांच्या सासूसाठी. जेवायला जे घरात शिजेल ते, मासे मिळाले तर मासे. रोख पैसे आणा, फोनला रेंज ओट्याच्या एका कोपऱ्यात येते. मग त्यांनी विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? मी अण्णांचं नाव सांगितलं, वस्तीची गाडी आणायचे म्हणालो. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, “आमच्या सासूबाई ठेवायच्या ना गरम पाणी.”

हे अजून मी अण्णांना सांगितलेलं नाही. रविवारसाठी ठेवलंय.

परतताना राजापूरवरून ओणी आणि अणुस्कुरा घाटाने वर चढू. आपल्या जुन्या कॉलनीसमोरून जाऊ, उतरायचं की नाही ते तू ठरव.

एक करशील? आप्पांची ती शिट्टी तुझ्याकडे असेल तर घेऊन ये. गाडी लहान असली म्हणून काय झालं, आंबोळगडला ती वळवून तोंड राजापूरकडे करून ठेवायची तर मागे उभं राहून शिट्टी द्यायला कोणी तरी लागतंच.

तुझा,
नंदू