रंध्याहून परतल्यावर

विलेपार्ले, मुंबई
गुरुवार

चि. अमेय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी रंध्याच्या धबधब्याहून परतताना कसारा घाट उतरेपर्यंत तू माझ्याशी एक शब्दही बोलला नाहीस आणि ठाण्याला उतरून परस्पर पुण्याची गाडी धरलीस. शनिवारी मित्रांबरोबर देवकुंडच्या धबधब्याला जाणार असल्याचेही तू बाबांनाच सांगितलेस. त्यावरून वाद घालण्यासाठी हे पत्र नाही. चारचौघांत मी तुझ्यावर ओरडले ते चुकले, एवढेच लिहायला बसले आहे. पाण्याविषयी एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवले आहे.

माणसे न्याहाळण्याचा नाद तुला माझ्याकडूनच लागला. पार्ल्याच्या पुलावर माझे बोट धरून तू विचारायचास, "आई, ते आजोबा कुणाची वाट बघताहेत?" त्या दिवशीही बाबा आणि ताई धबधबा पाहत होते आणि आपण दोघे कठड्याशी उभे राहून माणसे पाहत होतो. एकाच रेनकोटात मावू पाहणारे ते नवे जोडपे आणि पाचही नातवंडांना एका फोटोत बसवण्यासाठी मागे मागे सरकणारे ते गृहस्थ आठवतात ना? फोटोसाठी जवळजवळ सर्वांचीच पाठ पाण्याकडे होती. कणसे भाजणारी बाई मात्र पंख्याने निखारे फुलवताना दर थोड्या वेळाने पाण्याकडे पाहत होती आणि ते तुझ्या आधी लक्षात आले. तू विचारल्यावर ती म्हणाली, "वर रतनगडाकडं पाऊस झाला, की हितं ऊन असलं तरी पाणी चढतं. गढूळ झालं, पालापाचोळा यायला लागला, की आम्ही पोरं माघारी बोलावतो."

आणि हे ऐकून पाच मिनिटेही झाली नसतील, तोच एका अनोळखी लहानग्याची चप्पल कठड्याखालून घसरली आणि तू ती आणायला पलीकडच्या शेवाळलेल्या खडकावर उतरलास.

एका चपलेसाठी, अमेय!

प्रवरेवरचे ते भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. ते भरले की वरून सोडलेले पाणी रंध्यावरूनच खाली जाते, त्यामुळे आपण उभे असतो तिथे पाऊस आहे की नाही यावर काहीच ठरत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेही सहलीलाच आले होते. देवकुंडच्या वाटेवर तर ओढे ओलांडावे लागतात. जाताना घोट्याएवढे असलेले पाणी परतताना कमरेला लागू शकते. पावसाळ्यात तिथे बंदीचे आदेश निघतात, ते काय उगीच?

पाहा, नाही म्हणता म्हणता मी व्याख्यान देऊ लागले. क्षमा कर. तू सव्वीस वर्षांचा आहेस, हे मला कळते.

विजूमामाचे तुला ठाऊक आहेच. तोही पोहण्यात पटाईत होता. त्या दिवशी त्याने काढून ठेवलेला सदरा आजीने बरीच वर्षे कपाटात खालच्या कप्प्यात ठेवला होता आणि श्रावणात ती तो धुऊन वाळत घाले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. ओल्या दोरीवरचा तो निळा सदरा मला अजून दिसतो. रविवारी तू कठड्यापलीकडे गेलास, तेव्हा तुझ्याही अंगात निळाच सदरा होता. मी ओरडले ती तुझ्यावर की कोणावर, मला सांगता येत नाही.

तू वर आलास, त्या मुलासमोर उकिडवा बसलास आणि आपल्या रुमालाने त्याचा पाय पुसून चप्पल घातलीस. त्याच्या आजीने तुझ्या गालावरून हात फिरवून बोटे मोडली. हे मी पाहिले होते. तेव्हा माझ्या तोंडून दुसरेच शब्द निघाले, म्हणून आज लिहिते, की मला तुझा फार अभिमान वाटला.

तू गाडीत सोडून गेलेले बूट मी धुतले आणि वर्तमानपत्र कोंबून गॅलरीत ठेवले आहेत. ते अजून सुकलेले नाहीत. धुताना उलटे केले, तेव्हा तळवे पार गुळगुळीत झालेले दिसले. हे घालून तू त्या खडकावर उतरला होतास! पैसे बाबांनी सकाळी पाठवले आहेत. शनिवारच्या आत चांगल्या पकडीचे नवे बूट घे.

तुझी,
आई