स्मरणशक्तीच्या चाचणीआधी चाल मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या आणि विरंगुळा केंद्रांच्या शिबिरांत रक्तदाब, साखर आणि हल्ली स्मरणशक्तीही तपासतात. चालण्याचा वेग मात्र क्वचितच मोजला जातो. चाल मंदावली आणि विसरायलाही होऊ लागले, तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला असतो.

मोजायला टेप, खडू आणि मोबाईलचे स्टॉपवॉच पुरते. एकमेकींपासून 6 मीटरवर दोन खुणा करा, त्यांच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन मीटर जागा मोकळी सोडा आणि वेळ फक्त खुणांमधला मोजा. ही मोकळी जागा नसली की माणूस पहिल्या खुणेवर उभ्याने निघतो, दुसरीवर थबकतो आणि वेग उगाच कमी दिसतो. 'पटपट चला' म्हणू नये, नेहमीचीच चाल हवी. काठी असेल तर ती राहू द्यावी, सैल सपाता नकोत. (पेव्हर ब्लॉकच्या पदपथावर हा प्रयोग करूच नये!) दोन फेऱ्यांची सरासरी 6 सेकंदांच्या वर गेली, तर आशियाई तज्ज्ञगटाच्या (वयानुसार स्नायू झिजण्याबाबतच्या) निकषांनुसार चाल मंद. शिवाय हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर पायांची ताकद घटली असू शकते. खुर्ची भिंतीला टेकवलेली असावी.

गुडघेदुखीनेही चाल मंदावते, म्हणून एका आकड्यावर कुणाला घाबरवू नये. पण तळपाय बधिर, अंधारात तोल जातो आणि विसराळूपणाही वाढला, असे असेल तर आधी बी-12 जीवनसत्त्व तपासावे. शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी पडू शकते. त्याची कमतरता मज्जारज्जू आणि स्मृती दोन्हींना बाधते, पण वेळेत उपचार झाले तर बरीच सुधारणा होते.

स्मरणशक्तीची प्रश्नावली सर्वांत शेवटी. तीही चष्मा आणि श्रवणयंत्र लावून, शांत खोलीत. सभागृहात माइक चालू असताना विचारलेले शब्द नीट ऐकूच आले नाहीत, तर आठवणार काय? शिक्षणही विचारात घ्यावे. चौथी शिकलेल्या आजींना शंभरातून सात-सात वजा करायला लावून 'स्मृती कमी' असा शेरा मारणे चूकच.

केंद्रांनी या खुणा फरशीवर रंगवूनच ठेवाव्यात आणि प्रत्येकाचे सेकंद दर सहा महिन्यांनी वहीत नोंदवावेत. डॉक्टरांना एका आकड्यापेक्षा दोन नोंदींमधली घसरण अधिक उपयोगी पडते.

– एक फिजिओथेरपिस्ट, कोथरूड, पुणे