हलके काडतूस म्हणजे निर्धोक काडतूस नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील छंदांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात छऱ्यांच्या बंदुकीची नेमबाजीची काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरण्याविषयी एक परिच्छेद आहे. नवख्या माणसाने छर्रे कमी घालावेत, बारूदही त्याच प्रमाणात कमी घालावी, म्हणजे धोका उरत नाही, असे त्यात म्हटले आहे. मी ओहायो राज्यात राहतो, गेली बरीच वर्षे ट्रॅप आणि स्कीट (हवेत उडवलेल्या तबकड्यांवरच्या नेमबाजीचे खेळ) खेळतो आणि माझी काडतुसे मीच भरतो. हे विधान चुकीचे आहे. ते वाचून येथे राहणाऱ्या एखाद्या मराठी घरात कोणी तसे करून पाहिले, तर डोळा किंवा हाताची बोटे गमावण्याची वेळ येऊ शकते, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

काम दिसायला सोपे आहे. उडवलेल्या काडतुसाची प्लास्टिकची पुंगळी जपून ठेवायची, हाताने चालवायच्या यंत्रावर तिच्यातील जळालेला प्रायमर (बारूद पेटवणारी टोपी) काढून धातूचे बूड मूळ मापावर आणायचे, नवा प्रायमर बसवायचा, मोजून बारूद सोडायची, तिच्यावर प्लास्टिकची वॅड (बारूद आणि छर्रे यांच्यामधला पेल्यासारखा तुकडा) दाबायची, वॅडच्या पेल्यात छर्रे ओतायचे आणि पुंगळीचे तोंड सहा किंवा आठ घड्या पाडून बंद करायचे. विस्कॉन्सिनमधील मेव्हिल येथे बनणारी यंत्रे येथील असंख्य तळघरांत वर्षानुवर्षे हेच करत आहेत. अडचण यंत्राची नाही. आत काय आणि किती जाते, हे ठरवण्याची आहे.

धूररहित बारूद उघड्यावर पेटवली तर ती नुसती भराभरा जळून जाते. बंदुकीत ती नीट आणि पूर्ण जळायची असेल, तर तिला कोंडावे लागते. हे कोंडण्याचे काम वॅडचे नळीला घट्ट बसणारे बूड, तोंडाची घडी आणि समोर असलेले छऱ्यांचे वजन ही तिन्ही मिळून करतात. छर्रे कमी केले की बारुदीसमोरचा अडथळा कमी होतो, दाब हवा तितका चढत नाही आणि बारूद अर्धवट जळते. त्यातच कोणी बारूदही मनाने घटवली, तर ज्वलन आणखी मंदावते. म्हणूनच बारूद बनवणाऱ्या कंपन्या हलक्या काडतुसांसाठी लवकर जळणाऱ्या जातींची शिफारस करतात, आणि कोणत्या भागांबरोबर किती बारूद घालायची ते सांगणाऱ्या त्यांच्या तक्त्यांत सात अष्टमांश औंस (एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम) छऱ्यांना लागणारी बारूद ही एक पूर्णांक एक अष्टमांश औंसाला लागणाऱ्या बारुदीइतकीच दिसते, असे पुष्कळदा घडते. ज्याने तक्ता उघडलेला नाही, त्याला हे उलटे वाटेल. पण ते तसेच आहे.

अशा अशक्त काडतुसाचा परिणाम येथील जानेवारीच्या थंडीत हमखास दिसतो. नेहमीच्या कडक आवाजाऐवजी दबका फुसका आवाज येतो, छर्रे जेमतेम काही यार्ड जाऊन पडतात आणि वॅड कधीकधी नळीतच अडकून राहते. खरा धोका येथून सुरू होतो. नेमबाजाने त्याकडे दुर्लक्ष करून दुसरे काडतूस चढवले आणि चाप ओढला, तर अडकलेल्या वॅडमागे दाब साचून नळी फुटते किंवा फुगते, आणि ती डाव्या हाताच्या पकडीपासून फार दूर नसते. म्हणजे ज्याला आपला लेख निर्धोक काडतूस म्हणतो, ते स्वतः काही करत नाही. त्याच्यामागून येणारे चांगले काडतूस बंदूक फोडते. आवाज वेगळा आला की थांबायचे, बंदूक उघडून रिकामी करायची, मागच्या बाजूने नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहायचे, आणि दिसत नसेल तर सळईने नळी मोकळी करूनच पुढे जायचे, ही सवय प्रत्येक मैदानावर पहिल्या दिवशी शिकवली जाते. २० बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप; आकडा मोठा तितकी नळी अरुंद) काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघातही अशाच अडथळ्यामुळे पडला. ते काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत गेले तर पुढे सरकून नळीत अडकते, मागे बारा बोअरचे काडतूस सहज बसते, आणि पुढे काय होते ते सांगायला नको. घरी दोन्ही मापे भरणाऱ्यांनी त्यांचे डबे एका फळीवर ठेवू नयेत.

लेखात दुसरा गैरसमज असा आहे की सुटे भाग कोणतेही चालतात. वस्तुतः पुंगळी, प्रायमर, बारूद, वॅड आणि छऱ्यांचे वजन हे पाचही मिळून एक संच होतो. त्या संचाची दाब मोजण्याच्या नळीत चाचणी झालेली असते आणि तक्त्यातील आकडा त्या संचापुरताच खरा असतो. येथील शस्त्र-दारूगोळा उद्योगाने बारा बोअरच्या पावणेतीन इंची काडतुसासाठी दर चौरस इंचाला ११,५०० पौंड ही दाबाची कमाल मर्यादा ठरवलेली आहे, आणि त्याच आकाराचा दुसरा प्रायमर लावल्यानेही दाब बराच बदलू शकतो. पुंगळीचेही तसेच आहे. आतून निमुळती पुंगळी आणि सरळ भिंतीची पुंगळी बाहेरून सारख्या दिसल्या, तरी त्यांच्या आत मावणारी जागा वेगळी असते. विंचेस्टरची एए पुंगळी १९६५ मध्ये आली आणि पुन्हा भरणाऱ्यांची ती लाडकी ठरली. पुढे त्याच नावाने आणि त्याच रंगात, तळाचा तुकडा वेगळा बसवलेल्या पुंगळ्या येऊ लागल्या. म्हणून नुसत्या नावावर न जाता आत वाकून पाहावे लागते, आणि तो तुकडा सैल झालेला दिसला तर पुंगळी टाकून द्यावी लागते. तोंडाची घडी जास्त खोल गेली तर दाब चढतो, सैल राहिली तर पुन्हा तोच फुसका बार. छर्रे कमी केल्यावर आत उरणारी पोकळी भरून काढायला त्या वजनासाठीच बनवलेली उंच वॅड वापरायची असते. जुनी वॅड ठेवून घडी कशीबशी बसवणे हा उपाय नव्हे.

यंत्रात बारुदीचे माप ठरवणारी जी भोकाची पट्टी असते, तिच्यासोबत आलेला छापील आकडा केवळ अंदाजाचा असतो, हेही लेखात यायला हवे होते. बारा बोअरच्या हलक्या काडतुसात बारूद असते ती एक ग्रॅमहून थोडी जास्त. इतक्या लहान मापात प्रत्यक्ष किती पडते, हे काट्यावर तोलल्याशिवाय कळत नाही, आणि हवामान किंवा हात चालवण्याची पद्धत बदलली तरी ते हलते. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला आणि मध्ये पुन्हा काही मापे तोलावीत, आणि भरताना दूरदर्शन बंद ठेवावे. एका पुंगळीत बारूद दोनदा पडणे किंवा मुळीच न पडणे, या दोन्ही चुका लक्ष दुसरीकडे गेल्यानेच होतात.

हे सारे असूनही तक्त्याप्रमाणे भरलेल्या हलक्या काडतुसाचा मी मनापासून पुरस्कार करतो. ऑलिंपिक ट्रॅप आणि स्कीटमध्ये छऱ्यांचे वजन २४ ग्रॅमवर मर्यादित आहे. एकेकाळी ते ३२ ग्रॅम होते. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्स येथे डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले ते २४ ग्रॅमच्याच काडतुसांनी. वेग तोच ठेवून ३२ ऐवजी २४ ग्रॅम छर्रे उडवले, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाहून अधिक घटते. एका दिवसात शंभर तबकड्या मारणाऱ्या शाळकरी मुलासाठी हा फरक फार मोठा आहे. मिनेसोटात सुरू झालेल्या शालेय क्ले टार्गेट लीगमुळे आता अनेक राज्यांत मुले-मुली या खेळात येत आहेत, आणि त्यांत आपल्या घरांतली मुलेही आहेत. खांदा दुखला की मूल चाप ओढताना डोळे मिटू लागते, आणि ती खोड पुढे मोडता मोडत नाही.

बचतीचा हिशेबही लेखात आहे त्याहून वेगळा आहे. छऱ्यांची पिशवी २५ पौंडांची, म्हणजे ४०० औंसांची येते. एक पूर्णांक एक अष्टमांश औंसाने तीत साधारण ३५५ काडतुसे भरतात, एक औंसाने ४००, तर सात अष्टमांशाने ४५७. खर्चाचा मोठा वाटा छऱ्यांचाच असल्यामुळे बचत येथेच होते. मात्र बारा बोअरची स्वस्त तयार काडतुसे दुकानात मिळत असताना घरी भरून फारसे काही वाचत नाही. वाचते ते २८ बोअर आणि पॉइंट ४१० या अरुंद नळीच्या मापांत, कारण ती तयार विकत घेणे फार महाग पडते. २८ बोअर आणि अडीच इंची पॉइंट ४१० मध्ये दाबाची मर्यादा १२,५०० पौंड असली, तरी जागा इतकी थोडी असते की चुकीला वावच राहत नाही. नवख्याने सुरुवात तेथून करू नये.

शिशाविषयी लेखात एक अक्षरही नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. छर्रे शिशाचे असतात आणि जळालेल्या प्रायमरच्या राखेतही शिसे असते. जेवणाच्या टेबलावर किंवा स्वयंपाकघरात हे काम कधीही करू नये, टेबल कोरड्या फडक्याने न झटकता ओल्याने पुसावे, काम संपताच साबणाने हात धुवावेत आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. येथील अग्निसुरक्षेच्या मानकांनुसार घरात २० पौंडांपर्यंत बारूद मूळ डब्यांत ठेवता येते आणि प्रायमर जास्तीत जास्त १०,००० ठेवता येतात. तेही मूळ वेष्टनातच. बरणीत ओतून ठेवलेली बारूद कोणती हे महिन्याभराने कोणालाच सांगता येत नाही.

शेवटी, महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक होते. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, आणि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे भरण्याचा परवाना नव्हे. बारा बोअरची काडतुसे खडकीच्या कारखान्यात बनतात आणि ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी लागतात. लेखातील कृती वाचून कोणी गावाकडच्या जुन्या बंदुकीसाठी तसा प्रयत्न करू नये.

पुढील रविवारच्या पुरवणीत किमान दोन दुरुस्त्या ठळकपणे छापाव्यात, अशी माझी विनंती आहे: बारूद तक्त्यातील आकड्यापेक्षा कमी घालणे सुरक्षित नाही, आणि भारतात विनापरवाना काडतुसे भरता येत नाहीत. मूळ लेख संकेतस्थळावर अजून उपलब्ध आहे. तेथेही त्या परिच्छेदाखाली ही दुरुस्ती जोडावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, ओहायो (अमेरिका)