फिट आल्यावर कांदा नको, कुस हवी

महोदय,

परवा परभणीच्या बसस्थानकावर एक पोरगा फिट येऊन धाडकन पडला. लगेच कोंडाळं जमलं. एका काकांनी त्याचीच चप्पल काढून नाकाला लावली, कुणी कांदा शोधायला पळालं, एकानं दातखीळ उघडायला चमचा काढला. अशानं दात तुटतात. जीभ काही गिळली जात नाही. गर्दी हटवली ती एका आजीनं. आपलं गाठोडं त्याच्या डोक्याखाली सरकवलं, अलगद कुशीवर वळवलं. तोंडातली लाळ बाहेर आली, घरघर कमी झाली. दोनेक मिनिटांत झटके थांबले.

हातपाय दाबून धरू नयेत, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये. आणि घड्याळ बघावं, ते कुणीच बघत नाही! झटके 5 मिनिटांहून जास्त चालले, लागोपाठ आले, पहिलीच फिट असली किंवा बाई गरोदर असली, तर थेट 108 ला फोन.

शुद्धीवर आल्यावर पोरगा बावरून चप्पल शोधत होता. ती अजून काकांच्या हातातच होती.

– एक प्रवासी, सेलू (जि. परभणी)