मन्या, तुझ्या कोरींना पोरं झालीत

प्रिय मन्या,

फोनवर सांगितलं असतं पण तू नुसतं हं हं करतोस आणि चार दिवसांनी तेच परत विचारतोस, म्हणून लिहितोय, चहा घेऊन बस. बदली झाली तेव्हा ते सहा ब्राँझ कोरी, टँकमधले मिशीवाले छोटे मासे, माझ्या गळ्यात मारून गेलास ना, "काही करावं लागत नाही रे, तळाशी पडून असतात" म्हणत, त्यांनी अंडी घातली. आणि नुसती घातली नाहीत, पिल्लं आत्ता माझ्या समोर टबात आहेत, आज 36वा दिवस.

झालं काय, जूनमधला पहिला जोरदार पाऊस, भांडुपला आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी, मी अर्ध्या वाटेतून परत आलेलो, वैतागलेला. टँकचं पाणी बदलायचं राहिलं होतं ते तेव्हाच उरकलं, पिंपातलं पाणी चांगलंच गार होतं, म्हटलं मरू दे, ओतलं. सकाळी उठलो तर काचेवर मोहरीएवढे दाणे आणि तुझी ती जाडी मादी अजून कामावरच. पोटाखालच्या दोन परांची ओंजळ करते रे ती, त्यात दोन-तीन अंडी धरते, काचेवर तोंड घासत वर चढते आणि चिकटवून खाली येते, मागे दोन नर वरातीत नाचल्यासारखे. मग वाचलं तेव्हा कळलं की तिकडे दक्षिण अमेरिकेतही पावसाचं गार पाणी आलं की हे लोक असंच करतात. म्हणजे माझा वैताग कामी आला.

अंड्यांचं फार सांगत नाही. मोठे मासे खातात म्हणून जुन्या डेबिट कार्डाने हलकेच सोडवून टबात टाकली, साधारण 70 होती. बुरशी धरू नये म्हणून मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाचे दोन-चार थेंब आणि खालच्या बदामाचं एक वाळलेलं पान धुऊन. जी पांढरी पडली ती रोज ड्रॉपरने काढत गेलो, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्याला लागते. चौथ्या दिवशी 46 फुटली.

आता खरी गंमत. मी मोबाईलचा टॉर्च टबाला बाहेरून लावून बघितलं तर तिळाएवढं डोकं, केसासारखी शेपटी आणि पोटाला पिवळट गोळा. पहिले दोन दिवस काही द्यायचं नसतं, त्या गोळ्यावरच जगतात. आई ऐकेना, "दोन दिवस लेकरं उपाशी?" मी म्हटलं आई, डबा पोटाला बांधून आलेत ती. तरी ती उकडलेल्या अंड्याचा बलक घेऊन टबापाशी उभी, कसाबसा हात धरला.

मग आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले ते ठिपक्याएवढे जीव, पिल्लांचं जिवंत खाणं. क्रॉफर्ड मार्केटला जाऊन अंड्यांची डबी आणली, कोल्ड्रिंकची लिटरची बाटली बूड कापून उलटी टांगली, लिटरला 25-30 ग्रॅम जाडं मीठ, खालून हवेची नळी, एवढंच. आपल्या उकाड्यात 24 तासांत फुटतात, जास्तीत जास्त 30. हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं, टरफलं वर तरंगतात आणि खाली टॉर्च धरला की सगळे केशरी ठिपके उजेडाकडे गोळा होतात, तेवढेच नळीने ओढून घ्यायचे, रुमालातून गाळून गोड्या पाण्यात धुवायचे, मीठ टबात जाऊ द्यायचं नाही. चहाच्या गाळणीत काही थांबत नाही, बघितलं करून. ड्रॉपरने थेट तळाशी सोडायचं कारण ही पोरं वर येऊन खाणारी नाहीतच. आणि खाल्लं की पोट केशरी होतं, बाहेरून दिसतं, कोण जेवलं कोण राहिलं ते मोजता येतं. मी रात्री बारा वाजता 46 पोटं मोजत बसायचो, हस.

मायक्रोवर्मही, म्हणजे पिल्लांना खायला बारीक पांढरे किडे, लावले होते ओट्सच्या लापशीवर. डब्याच्या कडेने वर चढतात, बोटाने पुसून द्यायचे, सोपं, पण आठवड्यात इतका आंबट वास सुटला की आईने डबा गॅलरीत ठेवला आणि तिथे तो पावसात भिजला. परत नाही लावले.

आता वाईट सांगतो. नवव्या दिवशी ठाण्याला लग्न होतं, रात्री मुक्काम. म्हटलं उपाशी राहतील, म्हणून डबल आर्टेमिया टाकून गेलो. तो गोड्या पाण्यात काही तासच जगतो हे मला माहीत होतं रे, माहीत असून टाकलं. सकाळी आलो तर पाणी दुधट, तळाला पांढरी साय, आणि पिल्लं त्या सायीवर आडवी पडलेली. 17 गेली. एकही उपाशी नव्हतं, मेलेल्यांचीसुद्धा पोटं केशरी होती. आई काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून दिवसातून तीनदा, चिमूटभर. तासाभराने एअरच्या बारीक नळीने तळ ओढून घेतो, पांढऱ्या वाडग्यात, कारण चार-दोन पिल्लंही नळीतून येतात, ती चमच्याने परत. रोज थोडं पाणी बदलतो, नळाचं थेट कधीच नाही, पावसाळ्यात क्लोरीनचा वास नाकात जातो इतका, क्लोरीन मारायला हायपोचे खडे टाकून रात्रभर हवा मारलेलं पिंपातलं घेतो. तळाला वाळू नाही, नुसता टब, स्पंज फिल्टर आणि ते बदामाचं पान. पानावर जो बुळबुळीत थर येतो तो खरवडत बसतात दिवसभर, अर्धी पोरं कायम पानाखालीच.

मधे एकदा घाबरलो, पिल्लू सुसाट वर येऊन परत खाली, मग दुसरं. वाटलं परत पाणी बिघडलं. पण कोरी हवा गिळून आतड्यातून श्वास घेतात, मोठे पण करतातच की, आपण बघायचो तेव्हा तू त्याला उड्या म्हणायचास.

तर 29 आहेत. दीडेक सेंटीमीटर, मिशा आल्यात, आता गोळीचा चुरा पण खातात. गणपतीला येशील तेव्हा 10 तुझी. पण तुझा टँक आत्तापासून फिल्टर लावून चालू कर, आदल्या दिवशी पाणी भरून ठेवलंस तर एकही देणार नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास आहे, आदल्या दिवशी खायला देणार नाही त्यांना, पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा. काकूंना आधीच सांगून ठेव, बलक वगैरे चालणार नाही.

आणि तुझा तो हवेचा पंप परत मागू नकोस, तो आता पोरांचा आहे.

तुझा,
बंड्या